कासमने उचललेला भंडारा

पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात कासम तीन वर्षं बोअर मारायच्या गाडीवर कामाला होता. तिथल्या संसदेच्या निवडणुकीची गोष्ट तो पारावर रंगवून सांगायचा. पक्ष एकच, उमेदवारही त्याचेच. तरी लोक चांगले कपडे घालून मतदानाला यायचे. ऐकणारे हसायचे. बरंय राव, आपल्याकडं लोकशाही आहे, म्हणायचे.

१९९७ साली ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवर त्याची बायको झुबेदा उभी राहिली. वरच्या आळीला नळ हवा होता आणि तो मागणारं पंचायतीत कुणी नव्हतं. समोर गावचे पुढारी कुशाबा यांची सून होती.

माघारीच्या आदल्या दिवशी कुशाबांनी खंडोबाच्या देवळात गाव जमवलं. निवडणूक बिनविरोध झाली तर वरच्या पुढाऱ्यांकडून देवळाला सभामंडप मिळणार होता. जो भंडारा उचलेल त्याच्या घरचा अर्ज मागे, असं ठरलं. देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडायची आमच्याकडं कुणाची छाती नाही.

भंडाऱ्याचं ताट कासमपाशी आलं तसं कुशाबांनी ते पुढं न्यायला सांगितलं.

"कासमभाऊला नको. त्याचा देव येगळा. त्याच्यावर सक्ती न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, पावण्याला कशाला तरास. कासमचे आजे-पणजे याच गावच्या मातीत पुरलेले. त्याने हात लांबवला आणि चिमूटभर भंडारा उचलला.

घरी झुबेदाने त्याची पिवळी बोटं पाहिली.

"तुमाला सोडलं व्हतं ना त्यांनी?"

"सोडलं म्हणूनच तर."

"अर्ज माजा हाये. तुमी कोण उचलणार?"

तिकडं आफ्रिकेत लोक निदान मत टाकायला तरी जायचे, इथं तेवढंही नाही, असं ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. सकाळी जुन्नरला जाऊन तिने माघारीवर सही केली. नवऱ्याचा शब्द गावात खाली पडला असता, तरी तिलाही राहायचं त्याच गावात होतं.

संध्याकाळी गुलाल उधळला. कुशाबांनी कासमच्या कपाळाला तो स्वतः लावला. "आता खरा गावचा झालास," म्हणाले. कासम हसला.

दुसऱ्या दिवसापासून पाणी आणायचं काम झुबेदाने त्याच्यावर सोपवलं. खांद्यावर हंडा घेऊन तो वरच्या आळीचा चढ चढू लागला की लोक मानाने बाजूला व्हायचे.