इज्जतदार आजार

साहेब, संग्रामला कॅन्सर तुम्ही दिलात. तंबाखूनं नाही, कारखान्याच्या धुरानं नाही. तुमच्या एसी केबिनमध्ये, चहाचे घोट घेता घेता, तुमच्याच तोंडानं दिलात.

संग्राम निपाणीकडचा. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात लाइन सुपरवायझर. त्याच्या हाताखालून गेलेला माल कधी परत येत नाही म्हणून तुम्हीच त्याला गिऱ्हाइकांपुढं मिरवायचात. हा माणूस दिवाळीपासून सकाळी उठून खाटेच्या कडेला बसायचा आणि बसूनच राहायचा. एक मोजा पायात, एक हातात. बायको अश्लेषा म्हणायची, "अहो, दुसरा पाय काय शेजाऱ्याचा आहे?" आधी तो हसायचा. मग तेही थांबलं. जेवण भुश्शासारखं लागायचं. लेक मांडीवर येऊन बसली तरी कुणा दुसऱ्याच्या मांडीवर बसल्यासारखी वाटायची.

तपासण्या झाल्या. थायरॉइड, साखर, बी-ट्वेल्व्ह, ईसीजी. सगळं नॉर्मल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं पाठ थोपटली, "टेन्शन घेऊ नका." जसं काही संग्राम ते दुकानातून किलोवर आणत होता. काकांनी अश्वगंधा पाठवली. मेव्हण्यानं पहाटे उठून पळायला सांगितलं. ज्याला मोजा चढवता येत नाही, त्याला बूट घालून पळवणारे हे शहाणे!

पुढं पुढं तो मेट्रोच्या फलाटावर खांबाला पाठ लावून उभा राहायला लागला. गाडी थांबून दारं उघडेपर्यंत खांब सोडायचा नाही. स्वतःचा भरवसा उरला नव्हता. आपण खांब का धरतो, हे ज्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, त्या दिवशी घाबरून तो तडक तुमच्याकडं आला.

"साहेब, मनाच्या डॉक्टरकडं जायचंय. थोडे दिवस रजा पायजे. मला जगावंसं वाटंना झालंय."

तुम्ही हसलात. "अरे, सोमवारी मलाही वाटत नाही!" मग मोठ्या मनानं उपाय सांगितलात, रविवारी फॅमिलीला नंदी हिल्स दाखवून आण. पाठोपाठ आवाज खाली आणलात, "आणि हे बाहेर बोलू नकोस. तिथं जाऊन आलेल्या माणसाला मी मशिनीजवळ उभं करू शकत नाही. सेफ्टीचा प्रश्न येतो." म्हणजे रजा तर नाहीच, वर नोकरीची भीती फुकट.

अश्लेषानं ऐकलं आणि म्हणाली, "खड्ड्यात गेली रजा. तुम्ही उद्याच जाऊन या."

होसूर रोडवरच्या मनाच्या आजारांच्या त्या इस्पितळात कुठून कुठून माणसं बरी व्हायला येतात, आणि बंगळूर त्याचं नाव शिवीसारखं वापरतं. ऑटोवाले भांडले की एकमेकांना तिथंच धाडतात. संग्रामच्या लाइनवर कुणी पाना विसरला तरी "ह्याला होसूर रोडला टाका रे" अशी आरोळी उठायची. म्हणून त्यानं ऑटो अलीकडच्या डेअरी सर्कललाच सोडली आणि तोंडाला रुमाल बांधून, चोरासारखा चालत निघाला. त्याच रस्त्यावर, अलीकडं-पलीकडं, कॅन्सरचंही इस्पितळ आहे. मधल्या चहाच्या टपरीवर नेमका कारखान्याचा स्टोअरकीपर व्यंकटेश उभा. बंगळूरच्याच कॉटनपेट भागातल्या जुन्या मराठी घरातला, तोंडात अर्धी कन्नड.

"संग्राम अण्णा! रुमाल बांधला तरी चाल ओळखतो मी. हितं कसं? मी सासूबाईंना किमोला घेऊन आलो बा. तुमचं कोण आहे?"

संग्रामनं दोन्ही इस्पितळांकडं पाहिलं.

"माझंच हाय," असं म्हणून त्यानं हनुवटी कॅन्सरकडं वळवली. "पोटाचं."

"अय्यो देवरे!" व्यंकटेशच्या हातातला चहा हिंदकळला. ग्लास ठेवून त्यानं संग्रामला मिठीच मारली. कित्येक महिन्यांत कुणी मारली नव्हती. संग्राम टपरीवर सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. आता याहून मोठा रिपोर्ट कुठला?

व्यंकटेश सासूकडं परतल्यावर संग्राम रस्ता ओलांडून आपल्या इस्पितळात शिरला. विद्या नावाच्या तरुण डॉक्टरनं सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" तो हो म्हणाला. ती दचकली नाही, हसली नाही. खुर्ची जवळ घेऊन म्हणाली, "सरी, बरं. आता सावकाश सांगा." तिनं गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं.

आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात काय थाट! व्यंकटेशनं बातमी पोचवलेलीच होती. तुम्ही स्वतः खुर्चीतून उठून आलात. भरपगारी रजा. परत आल्यावर हलकी शिफ्ट. कँटीनमध्ये त्याच्यासाठी वेगळा मऊ भात. तुम्ही डाळिंबं घेऊन घरी आलात आणि म्हणालात, "तू फायटर आहेस." जगावंसं वाटत नाही म्हणणारा माणूस चेष्टेचा होता, पोटात गाठ आली म्हटल्यावर तोच फायटर झाला. "राहू दे कॅन्सरच," अश्लेषानं ठरवलं. "माझ्या आईलाही तसंच सांगितलंय. खरं सांगितलं असतं तर ती माझ्याकडं बघून रडली असती, आता तुमच्यासाठी रडते."

गोळ्यांनी आणि विद्या डॉक्टरच्या बोलण्यानं संग्राम हळूहळू वर आला. भाताला चव आली. लेकीचं वजन मांडीला जाणवायला लागलं. तुम्हाला वाटलं किमोनं गुण आला. केस जागच्या जागी, गाल वर आलेले, तरी कुणाला शंका नाही. श्रद्धा म्हणतात ती हीच असावी.

मग वार्षिक दिनाला तुम्ही त्याला स्टेजवर बोलावलंत. डोक्यावर म्हैसुरी पेटा, अंगावर शाल, हातात फळांची परडी. मागं बॅनर, 'कॅन्सरवर मात'. समोर पहिल्या रांगेत व्यंकटेशची सासू, डोक्यावर केस नाहीत, पदर घेऊन, टाळ्या वाजवत. तिला बघून संग्रामला राहवलं नाही. माइक हातात होताच.

"मला कॅन्सर नव्हता. डिप्रेशन होतं. मी खोटं बोललो."

टाळ्या मधेच मेल्या. एचआरचा प्रदीपकुमार चपळाईनं पुढं आला आणि पेटा काढून घेतला; पुढच्या सत्कारमूर्तीलाही तोच लागणार होता. परडी मात्र संग्रामच्या हातातच राहिली, ती कुणी मागावी हे कुणाला सुचलं नाही.

खाली उतरल्यावर व्यंकटेश एवढंच बोलला, "अण्णा, तुमच्यासाठी सासूबाई शनिवारी उपास धरायच्या. स्वतः किमो घेत." त्या बाईचा तो गुन्हेगार आहे, आणि हे तो तिच्या दारात जाऊन, मान खाली घालून बोलून आला. तिनं त्याला कॉफी पाजली. तुमचा मात्र तो गुन्हेगार नव्हता. तरी नोटीस तुम्हीच काढलीत.

चौकशी समिती म्हणजे तुम्ही, प्रदीपकुमार आणि बिस्किटांची बशी.

"खोटं बोलून रजा घेतलीस. हा विश्वासघात आहे," तुम्ही म्हणालात.

"व्हय साहेब."

"नोकरी जाऊ शकते तुझी."

"ठाव हाय."

मग तुम्ही बशी पुढं सरकवलीत आणि आवाज एकदम गोड केलात. "बघ संग्राम, स्टेजवरच्या त्या प्रकारानंतर लाइनवरचे काही जण तुझ्याकडं येऊन डॉक्टरचा पत्ता विचारतात, असं कानावर आलंय. सेफ्टीसाठी आम्हाला नावं पाहिजेत. नावं दे, तुझं प्रकरण इथंच मिटवतो."

प्रदीपकुमारनं पेनाचं टोपण काढलं. घरी अश्लेषा फोनची वाट बघत होती. संग्रामनं बशी तशीच मागं सरकवली.

"नावं मिळायची न्हाईत, साहेब. पन त्यातला एक जण सोमवारी तुमच्याकडंच रजा मागायला येनार हाय. लई बिघडलंय त्याचं. मला विचारत होता, दादा, कुठला आजार सांगू? म्या त्याला थांबवलंय. म्हटलं, साहेबांनाच इचारून सांगतो. मग बोला की साहेब, काय सांगू त्याला?"