नागपूरला केलेली चौकशी

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली आमच्या यवतमाळच्या गाड्यांच्या शोरूममध्ये चिटपाखरू फिरकत नव्हतं. तेव्हा कुठं मालकांना इंटरनेटवरचं गिऱ्हाईक आठवलं आणि नागपूरहून चारुदत्त सर आम्हाला शिकवायला आले. गुळगुळीत माणूस. म्हणे, वेबसाइटवर कुणी चौकशी केली की लगेच फोन गेलाच पाहिजे. आणि चौकशी करताना कोणत्याही शहराचं शोरूम निवडलेलं असो, यापुढं ती गिऱ्हाइकाच्या गावाजवळच्या शोरूमलाच येणार.

माझ्या शेजारी पायल बसली होती. घाटंजीची पोर, लग्न तोंडावर आलेलं. मुलगा राजूरला कोळशाच्या खाणीत नोकरीला. "हुंडा मागतला तं लगनच नाही," असं तिनं घरी ठणकावलं होतं, आणि त्यांनी काहीच मागितलं नाही असं वडिलांनी तिला सांगितलं होतं. त्यावरून ती ऑफिसभर मिरवायची. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

सरांनी सगळ्यांत ताजी चौकशी उघडली. गाव घाटंजी, शोरूम मात्र निवडलेलं नागपूरचं. फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, गाडी कोणासाठी घ्यायचीय?"

"जवायासाठी," पलीकडून आवाज आला. "लग्नाआधी दारात उभी पायजे म्हन्तेत पाव्हने. यवतमायले आमची पोरगीच गाड्यायच्या दुकानात हाये, म्हनून तं नागपुरात विचारून राह्यलो. तिले समजलं तं लगनच मोडन ते."

पायल पांढरीफटक पडली. ते तिचे बाबा होते, श्रावणकाका. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करणारे, आणि त्या साली जिनिंगलाच कुलूप.

सरांना काय त्याचं! फोनवर हात ठेवून ते खुशीत म्हणाले, "पक्कं गिऱ्हाईक आहे. पायल, पुढचं तुम्ही बोला." असा संताप आला मला, वाटलं फोन हिसकावून भिंतीवर आपटावा. पण मीही बसूनच राहिले.

पायलनं फोन तोंडाजवळ घेतला. "बाबा, मी बोलून राह्यली."

श्रावणकाका बोलले, पोटच्या पोरीला अहोजाहो करत.

"म्याडम, तुमी नागपूरहूनच बोलून राह्यल्या ना? हो म्हना म्याडम. पत्रिका वाटून झाल्या."

पायलनं डोळे पुसले. आवाज साफ केला आणि सरांनी शिकवलेल्या भाषेत म्हणाली, "हो काका, नागपूरहूनच. गाडी कोणत्या रंगाची हवी?"