ब्रेकरची चाचणी

दुष्काळात विहिरीतला खडक फोडायला रेणापूरच्या शिवकांताबाईंनी मिनी पोकलेन घेतलं. जलीलमिस्त्रीनं त्यावर ब्रेकरसाठी, म्हणजे दगड फोडायच्या यांत्रिक हातोड्यासाठी, जादा हायड्रॉलिक लाइन बसवली, परतीचं तेल सरळ टाकीत सोडलं आणि दाब बेतानं लावला.

"एक ठोका मारून बघू," म्हणत त्यानं दारापुढच्या दगडावर ब्रेकर टेकवला. दगड फुटला, आणि त्याखालचा नळाचा पाइपही.

पाइप फुटल्याचं ऐकताच गल्लीतल्या बाया घागरी घेऊन धावल्या. पाइपातून नुसती धूळ आली.

"घाबरू नका बाई," जलील म्हणाला, "पाणी असतं तर गुन्हा झाला असता."

शिवकांताबाईंना हायसं वाटलं, लगेच लाजही वाटली. बाया मात्र हलेनात.

"मिस्त्री," त्यांतली गुरम्मा म्हणाली, "आणखी जरा पुढं फोडा की. पाणी कुठं अडलंय ते तरी कळंल."