सध्या काही करू नका

प्रेमसिंग राठोड ड्रायव्हर आणि मी, नरसिंग खिल्लारे, कंडक्टर. वसमत डेपोत अकरा वर्षं आमची जोडी होती. वसमत, औंढा, हिंगोली आणि परत. रिटायर झाल्यावर तो कुरुंद्याजवळच्या आपल्या तांड्यावर शेती बघू लागला आणि मी वसमतलाच राहिलो. २००७ ची दिवाळी होऊन महिना झाला असेल. एके दिवशी सकाळीच तो माझ्या दारात उभा राहिला. हातात नांदेडच्या दवाखान्याची फाईल होती. बस म्हटलं तरी बसेना.

"खिल्लारे, तुला निघालं होतं तेच मला बी निघालं," तो म्हणाला.

मला तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिच्यात. औरंगाबादला ऑपरेशन करून ती सगळी काढून टाकली. माझ्या वेळी थांबून बघण्याचाही एक रस्ता असतो, हे मला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं असलं तरी 'कॅन्सर' या शब्दानंतर माझ्या कानात काही शिरलंच नसेल.

प्रेमसिंगला मात्र नांदेडच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. सुईनं बारा तुकडे काढले, त्यातल्या दोनांत कॅन्सर दिसला. जात सौम्य, वाढ मंद. रस्ते तीन होते. ऑपरेशन, नाहीतर मशीनचे शेक म्हणजे रेडिएशन, नाहीतर दर तीन महिन्यांनी रक्तातला या ग्रंथीचा आकडा तपासायचा, वर्षानं पुन्हा सुई लावायची आणि वाढ दिसली तरच हात घालायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले होते, "माझं मत विचाराल तर काका, सध्या काही करू नका."

"कॅन्सर हाय म्हन्तो आन् काही करू नका म्हन्तो!" प्रेमसिंग अंगणात येरझाऱ्या घालत होता. "ब्रेक गेलाय हे कळल्यावर गाडी कुणी तशीच पुढं नेतं का? वसराम म्हन्तो, डॉक्टर हात लावत न्हाई म्हंजी हातचं गेलं असंल."

वसराम हा त्याचा मेहुणा. तांड्यावर बातमी पसरली होती आणि लोक भेटायला येऊ लागले होते. प्रेमसिंगचा मुलगा देविदास परभणीला शिक्षक होता. त्यानं औरंगाबादला एका सर्जनकडून ऑपरेशनची तारीखही घेतली होती, संक्रांतीनंतरचा सोमवार.

"तू सांग मला. तुझं झालंय. तू ठणठणीत हायस ना? काही तकलीफ?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "दोन महिने जपावं लागतं, बस."

तो थांबला. पहिल्यांदाच ओट्यावर टेकला. "मंग करून टाकतो," म्हणाला, आणि चहा न घेताच गेला.

माझी बायको लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "खोटं काहून बोललाव तुमी?"

दिवसातून तीनदा कापडाची घडी बदलावी लागते, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. खोकलो, उठलो, जड काही उचललं की लघवी गळायची. मी लांबचा प्रवास सोडला होता, लग्नकार्यं सोडली होती. विहारात वंदनेला गेलो तर दाराशी बसायचो. नवरा-बायकोतलं जे असतं तेही ऑपरेशनबरोबर संपलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघं आपसातही बोललो नव्हतो. औरंगाबादला दर तपासणीला विचारायचे, "काही त्रास?" मी म्हणायचो, "नाही." तेच उत्तर मी प्रेमसिंगला देऊन बसलो होतो.

त्यानंतर त्याच्या एक एक गोष्टी कानावर येऊ लागल्या. काम नसताना ट्रॅक्टर काढून कुरुंद्याला जाऊन येतो. ताटावरून मधेच उठतो. लॅबला फोन करून म्हणतो, रिपोर्ट पुन्हा एकदा वाचून दाखवा, दुसऱ्याचा तर न्हाई ना? मग एके दिवशी बाजाराला आलेली त्याची बायको रुख्मिणीबाई आमच्या घरी आली.

"भाऊ, हे एका जागी बसून न्हाई राहिले," ती म्हणाली. "मला ऑपरेशनचं भ्याव वाटतं. पण तुमाला बघितलं की धीर येतो. तुमचं बराबर हाय ना? मंग मी आडवी येत न्हाई."

लक्ष्मीबाई माझ्याकडे बघत राहिली. मी मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्यानं मला चार दिवस चैन पडू दिली नाही. पाचव्या दिवशी मी कुरुंद्याची गाडी पकडली आणि तिथून चालत तांड्यावर गेलो.

प्रेमसिंग शेतात होता. हळदीचा पाला पिवळा पडायला लागला होता. तो बांधावर शाबूत कुंपणाची तार उगाच सोडून पुन्हा ताणत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कापड, गळणं आणि ते दुसरंही. सांगताना त्याच्याकडे बघणं मला जमलं नाही.

त्यानं पक्कड खाली टाकली. "अकरा वर्षं तुझ्या घंटीवर गाडी सोडली मी, खिल्लारे. दोन ठोके ऐकले की निघालो. मागं वळून बघितलं न्हाई कधी."

"मला लाज वाटली रे."

"लाज तुझी, आन् कापणार मला!"

तो तरातरा चालत बांधाच्या टोकापर्यंत गेला, तिथून परत आला. श्वास चढला होता. त्यानं विचारलं, "पस्तावा हाय का तुला?"

"सकाळी कापड बदलताना हाय. रक्ताच्या रिपोर्टवर शून्याच्या जवळचा आकडा बघितला की न्हाई. खरंच सांगतो, मला ठरवता येत न्हाई. सगळ्यांचं माझ्यासारखं होतं असं बी न्हाई म्हणत मी."

दुसऱ्या आठवड्यात तो रुख्मिणीबाईला घेऊन नांदेडला गेला. मलाही ओढून नेलं. डॉक्टर वयानं तरुण होते. प्रेमसिंगनं काही विचारायच्या आतच रुख्मिणीबाईनं विचारलं, "आमी थांबलो आन् ते आतल्या आत वाढलं, तर तुमाला येळेवर कळंल का?"

"बहुतेक वेळा कळतं," डॉक्टर म्हणाले. "शंभर टक्के कळेलच असं मी लिहून देऊ शकत नाही. पण आज ऑपरेशन केलं तर त्रास होण्याची शक्यता जास्त आहे, आणि फायदा होईलच असं नाही. तुम्ही कधीही मन बदलू शकता. दार बंद होत नाही."

बाहेर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मला तुमी असे हवेत. पुढचं पुढं बघू."

संक्रांतीनंतरचा तो सोमवार आला आणि गेला. देविदास माझ्यावर भडकला. "खिल्लारेकाकांनी बापूंना भेदरवलं," असं त्यानं सगळीकडे सांगितलं. बापाशीही तो दोन महिने बोलला नाही.

ऑपरेशन टळलं म्हणून प्रेमसिंगला शांतता लाभली, असं काही झालं नाही. तपासणीच्या आधीचा आठवडा घरातल्यांना नको व्हायचा. पहिल्या वेळी रक्तातला आकडा सात होता. दुसऱ्या वेळी सात पूर्णांक चार. तिसऱ्या वेळी, नऊ महिन्यांनी, नऊच्या वर गेला.

त्या संध्याकाळी देविदासचा मला फोन आला. "काका, बापूंना काही झालं तर..." त्यानं फोन ठेवला. मला जेवण गेलं नाही. मी खोटं बोललो तेव्हाही प्रेमसिंगचा जीव माझ्या शब्दावर होता, आणि खरं बोललो तेव्हाही.

डॉक्टरांनी वर्षाची वाट न बघता सुई लावली. रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत प्रेमसिंग माझ्याकडे पाचदा येऊन गेला. अंगणात फिरायचा आणि निघून जायचा.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही चौघं डॉक्टरांसमोर होतो. तो, रुख्मिणीबाई, देविदास आणि मी. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. पुन्हा बारा तुकडे, पुन्हा दोनच, जात तीच सौम्य. आकडा सुजेनंही चढतो, म्हणाले. देविदासनं खिशातून रुमाल काढला आणि खिडकीकडे तोंड केलं.

मला वाटलं, आता उठायचं. तेवढ्यात प्रेमसिंग म्हणाला, "डॉक्टर, ह्याचं बी बघा. चार वर्षं झाली ऑपरेशनला. कापड लावून फिरून राहिला, कुणाला सांगत न्हाई."

जमीन दुभंगावी असं मला झालं. रुख्मिणीबाई झटकन उठून बाहेर गेली, देविदासला हाताला धरून. मी प्रेमसिंगला शिवी दिली, डॉक्टरांसमोर.

डॉक्टरांनी मात्र पाच-सहा प्रश्न विचारले, साधे, सर्दी-खोकल्याचे विचारावेत तसे. "चार वर्षं कुणाला बोलला नाहीत?" मग लघवी रोखताना आवळतो ते स्नायू बसल्या जागी आवळायचे आणि सोडायचे, दिवसातून तीन वेळा, हे समजावलं. उशीर झालाय, पण फरक पडू शकतो. नाहीच पडला तर पुढं आणखी उपाय आहेत, म्हणाले. मी परतीच्या गाडीत प्रेमसिंगशी एक शब्द बोललो नाही. पण व्यायाम त्याच रात्री सुरू केला.

चार महिन्यांत तीन घड्यांच्या दोन झाल्या. आता, २००९ च्या उन्हाळ्यात, बहुतेक दिवस एकीवर भागतं. पूर्ण थांबलेलं नाही. लक्ष्मीबाई आणि मी परवा देवळगावला तिच्या भावाकडे दोन दिवस राहून आलो.

प्रेमसिंगची सोमवारी तपासणी आहे. काल आला होता. देविदास आता बोलतो त्याच्याशी, पण दर फोनला औरंगाबादचं नाव काढतोच.

"ह्या खेपेला दहाच्या वर गेलं तर मी न्हाई थांबणार," प्रेमसिंग म्हणाला. "डॉक्टरनं किती बी समजावलं तरी."

"नको थांबू. मी येतो तुझ्याबरोबर औरंगाबादला."

"आन् न्हाई गेलं तर?"

"तर तीन महिन्यांनी पुन्हा ये इथंच, फिरायला."

त्याला हसू आलं नाही. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला, आणि गाडीला अजून अर्धा तास होता तरी स्टँडकडे निघाला.