उगी राहा, पण कोणाला?

आमच्याकडे नाव काही नुसतं लेकराला हाक मारायला ठेवत नाहीत. ज्याला तोंडावर बोलायची सोय नसते, त्याला ते ऐकवायचं असतं. मी माझ्या मुलाचं नाव मुचानेता ठेवलं, म्हणजे आमच्या भाषेत 'तुम्ही दमाल'. ते सासूसाठी होतं. तिने रोज सकाळी नातवाला हाक मारायची आणि रोज आपल्याच तोंडाने कबूल करायचं की सुनेला छळून छळून दमणार मीच. शेवटी दमलीच बाई.

तेव्हा सुनेने जे नाव सुचवलं, त्याचा अर्थ मला कोणी शिकवायला नको होता.

सून शुवाई. पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी गेली होती. मुलगा झाला. नाळ पडली त्याच दुपारी मुचानेताचा मासविंगोहून फोन. तिथे तो टायरच्या दुकानात कामाला आहे. म्हणाला, "आई, नाव न्याराराई ठेवायचं म्हणतोय."

मी विचारलं, कोण म्हणतंय? तर म्हणे शुवाईने सुचवलं. तिच्या आईने नाही ना? नाही म्हणे. इतक्या लगेच नाही म्हणाला की माझा संशय पक्का झाला. नाव ठेवायचा मान बापाच्या घराचा. माझे धनी गेल्या हिवाळ्यात गेले, म्हणून काय या घरात कोणी उरलंच नाही? मुचानेता म्हणाला, शनिवारी बाळ घेऊन येतो, मंगळवारी गुटूच्या सरकारी कचेरीत जन्माचा दाखला करायचा, नको असेल तर त्याआधी सांग. एकदा दाखल्यावर चढलं की ते नाव कोणाच्या बापाला पुसता येत नाही.

न्याराराई. उगी राहा. आता लेकराला म्हणायचं असतं तर 'न्यारारा' पुरलं असतं. मागे 'ई' लागली की ते वडीलधाऱ्याला झालं: तुम्ही उगी राहा. आमच्या घरात वडीलधारं कोण उरलंय? मी आणि एक म्हातारा बैल. आणि बैल काही बोलत नाही.

मी शाळा चौथीपर्यंत शिकले, पण एवढं मला वाचता येतं. आणि मी चिहेरा आहे, मोठ्या हरणाच्या कुळातली. आमच्या कुळाच्या बायकांच्या तोंडाला नवऱ्याकडचे वचकून असतात. मला ही काल आलेली पोर गप्प करणार, आणि तेही माझ्याच नातवाच्या नावाने. उद्यापासून हातपंपावर बायका मला काय म्हणतील? न्याराराईची आजी. म्हणजे 'गप्प बसा'ची आजी.

दुसऱ्याच दिवशी पंपावर न्हामोच्या आईने, आमच्या शेजारणीने, विचारलंच. "चिहेरा, नाव काय ठेवलं म्हणे?" हिला कोणी सांगितलं? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ती बादलीत बघून हसली. हिच्या कुत्र्याचं नाव वावेंगी, म्हणजे वैरी. रोज संध्याकाळी आमच्या कुंपणाकडे तोंड करून त्याला हाका मारते.

तिथेच मला सुचलं. नावाला उत्तर नावानेच द्यायचं. वावेंगीला पिल्लं झाली होती. हो, कुत्रा म्हणतात पण ती कुत्री आहे. मी एक तांबडं पिल्लू मागून आणलं आणि नाव ठेवलं हांदिन्यारारी. 'मी उगी राहणार नाही.'

शनिवारी शुवाई आली. बाळ पाठीला बांधलेलं. रीतीप्रमाणे गुडघे टेकून, ओंजळीने टाळ्या वाजवून नमस्कार केला. मी बाळ घेतलं. कान थेट माझ्या धन्यांचे, बाहेर आलेले. पण मी विरघळले नाही. अंगणात येऊन पिल्लाला हाक मारली. "हांदिन्यारारी! ये, हांदिन्यारारी!" पिल्लू तर माझ्या पायातच होतं. तरी तीनदा मारली. मुचानेता बॅग उतरवता उतरवता थांबला आणि लगेच म्हणाला की त्याला दुकानावर जाऊन मीठ आणायचंय. घरात मीठ होतं.

मी आत गेले. शुवाई चुलीपाशी येऊन माझ्यासमोर भुईमूग सोलायला बसली. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आई, तुमचं कुत्रं कोणाला बोलतंय?"

"तुझा मुलगा कोणाला बोलतोय?"

"तुम्हाला."

निदान खोटं तरी बोलली नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने खाली बघूनच पुढे सांगायला घेतलं. माझ्या धन्यांना माती दिली त्या दिवशी सगळ्या बायका रडत होत्या आणि एकमेकींच्या पाठीवर हात ठेवून न्याराराई, न्याराराई, रडू नका, उगी राहा, म्हणत होत्या. मी मात्र चहाला साखर पुरेल का ते बघत फिरत होते. मी रडले नाही, म्हणून मला कोणी ते म्हटलंच नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मग गोठ्यात."

"गोठ्यात काय?"

"गाईचं दूध काढताना तुम्ही बाबांची टोपी खुंटाला अडकवायचात आणि तिला शिव्या द्यायचात. मला एकटीला टाकून गेलास म्हणून. मी भांडं घेऊन यायचे आणि तशीच परत फिरायचे."

माझ्या हातातली शेंग फुटेना. ती टोपी कोणी बघितली असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"तेव्हाच येऊन का नाही म्हणालीस?"

"तुम्ही मला हाकललं असतं."

ते खरं होतं.

"म्हणून त्याचं नाव ठेवलं," ती म्हणाली. "आता रोज हाक माराल तेव्हा तुमच्या कानावर पडेल."

म्हणजे माझीच युक्ती. माझ्या सासूवर मी वापरलेली, आता उलटी फिरून माझ्यावर. मी तिच्याकडे नीट बघितलं. इतकं गोड बोलणाऱ्यावर माझा लगेच विश्वास बसत नाही.

"आणि गप्प बसा असाही अर्थ होतो, ते तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं." तिने एक दाणा तोंडात टाकला. "तेवढंही थोडं आहे त्यात, आई."

मी हसले नाही. शेंगांची टोपली तिच्याकडे सरकवली आणि बाळाला घेऊन गोठ्याकडे गेले. टोपी अजून तिथेच होती. तिथे मी काय केलं ते बैलाला ठाऊक, आणि तो बोलत नाही हे मी आधीच सांगितलंय. एवढंच सांगते, एका क्षणी मी बाळाला नावाने हाक मारली, आणि ते बाळ रडत नव्हतं.

मंगळवारी मुचानेता निघताना दारात घुटमळला. काय लिहू, म्हणाला. मी म्हटलं, सांगितलंय तेच लिही. पण कारकुनाच्या हाताकडे बघत राहा. ते लोक आळशी, 'ई' खातील. 'ई' गेली तर पोराला दटावल्यासारखं होईल. ती पूर्ण पाहिजे. मान माझा आहे.

संध्याकाळी न्हामोची आई कुंपणाशी आली. चिहेरा, म्हणाली, तुझ्या अंगणात एकाला 'उगी राहा' म्हणतात आणि दुसऱ्याला 'मी उगी राहणार नाही' म्हणतात. हे नक्की कोणाला चाललंय?

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तीन दिवस झाले, तिने वावेंगीला हाक मारलेली नाही.