इश्वरच्या वाटणीची ओळ

आसगावच्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, राजकुमार ओळ म्हणायचा आणि इश्वर ती उचलायचा. बावीस वर्षं हेच चाललं होतं. राजकुमारचा आवाज उंच आणि धारदार, इश्वरचा जाड, जरा मागून येणारा. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दोघं उभे राहिले की लोक म्हणायचे, जोडी असावी तर अशी.

ऑगस्टात धानाची रोवणी आटोपली आणि इश्वरनेच विषय काढला. "आपली गाणी कुठंच नाईत बे. मोबाइलवरची आयकली तर नुसता लोकायचा गोंधळ. घरीच रेकॉर्डिंग करू."

राजकुमारकडे धानाची पोती ठेवायची एक खोली रिकामी होती. दोघांनी तिच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या, खिडकीत गादी उभी केली. राहिला फक्त माइक. बारीकसारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक घ्यायचा, इथवर दोघांचं एकमत होतं.

पण राजकुमारचा स्वभाव असा की बैल घ्यायचा तरी चार बाजार फिरणार. जेवताना, बांधावर, बसमध्ये तो माइकचे व्हिडिओच बघत राहिला. इश्वरने लॅपटॉपला सरळ जोडता येणारा एक स्वस्त माइक फोनवर शोधून दाखवला, तर राजकुमारने तो पाहिला आणि मान हलवली.

"याच्यात खरखर येते. तो दुसरा घेऊ, लॅपटॉपले जोडाच्या इंटरफेसच्या डब्ब्यासंग. दिवाळीच्या सेलमध्ये आपल्याले परवडन."

"दिवाळीले टाइम हाय अजून."

"मंग? बावीस वर्षं थांबलो, दोन महिन्यानं काय होते?"

पंधरा दिवसांनी इश्वरने पुन्हा विचारलं. त्याचा आवाज बसला होता. "तो तंबाखूचा खर्रा सोड बे," राजकुमार म्हणाला, "आवाजाची वाट लावून राहिला." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा राजकुमार दोन माइकची तुलना कागदावर मांडून बसला होता. इश्वर भडकला. "तुले गाणं नाई पायजे, तुले माइकच पायजे!" म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. तो नागपूरला पाहुण्यांकडे गेलाय, एवढंच गावात कळलं. राजकुमारला वाटलं, रुसून गेला असेल. माइक आला की स्वतः जाऊन त्याला आणू.

दिवाळीच्या तीन दिवस आधी खोकं आलं. राजकुमार ते तसंच न उघडता इश्वरच्या घरी घेऊन गेला. इश्वरची बायको रीना दारातच उभी होती. खोक्याकडे पाहून तिचा चेहरा उतरला.

"भाऊजी, तुमाले मालूम नाई? त्यायचं नागपूरले ऑपरेशन झालं. घशात कॅन्सर होता. कालच सुट्टी भेटली." ती थांबली. "आवाजाची पेटीच काढली."

आत इश्वर उशाला टेकून बसला होता. गळ्याला खाली छिद्र पाडलेलं, त्यावर पांढरी जाळी. श्वास तिथूनच ये-जा करत होता. राजकुमार खाटेजवळ खाली बसला.

"काहून नाई सांगतलं बे मले?"

इश्वरने वही ओढली आणि लिहिलं, 'सांगतलं असतं तर तू रडत गायला असतास. तसं गाणं मले नोको होतं.'

"अबे, पण मी तेव्हाच माइक घेतला असता!"

इश्वरने पुन्हा पेन उचलला. मग लिहिलं, 'तीनदा म्हटलं होतं.' वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून तो आडवा झाला.

महिनाभर राजकुमारने खोक्याला हात लावला नाही. मग एका दुपारी इश्वर आपणहून आला. गळ्याला रुमाल, काखेत डफ. त्याने खोक्याची चिकटपट्टी स्वतः फाडली, माइक स्टँडवर लावला आणि राजकुमारला समोर उभं केलं.

राजकुमारने पहिली ओळ म्हटली आणि सवयीने थांबला. इश्वरचा डफ चालूच होता. त्याचे ओठ हलत होते. राजकुमारच्या कानावर हेडफोन होता. त्यात त्या रिकाम्या जागेत गळ्याच्या छिद्रातून निघणारा श्वास ऐकू आला, नेमका तालात, ओळीच्या लांबीएवढा. त्याच्याने पुढे गाववेना. त्याने रेकॉर्डिंग पुसायला हात नेला, तर इश्वरने मनगट धरलं.

मग वहीत लिहिलं, 'माह्या ओळीत तू गाऊ नोको. जागा सोड.'

त्या हिवाळ्यात त्यांनी सात गाणी केली. आठव्याच्या वेळी इश्वरला बसवेना. आजार छातीत उतरला होता. उन्हाळा लागता लागता तो गेला.

तेरवी झाल्यावर रीना राजकुमारच्या घरी आली. "त्यायचं गाणं आयकवा मले, भाऊजी," म्हणाली. राजकुमारने तिला त्या खोलीत बसवलं, हेडफोन दिला. एक गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हा तर आजारातला श्वास हाय. हा मी सहा महिने शेजारी बसून आयकला. त्यायच्या गाण्याचं काई नाई तुमच्यापाशी?"

"मोबाइलवरच्या गोंधळाशिवाय काई नाई, वहिनी," राजकुमार म्हणाला. "तो घाई करत होता. मीच थांबवलं."

"मले मालूम हाय," रीना म्हणाली. "ऑपरेशनसाठी दवाखान्यात जाताना गाडीत हेच बोलले होते. त्यायचं शेवटचं बोलणं तेच होतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि उन्हात घराकडे चालू लागली. राजकुमार दारापर्यंत आला. तिला हाक मारावी असं त्याला वाटलं. पण तो खोलीत परतला आणि त्याने हेडफोन कानाला लावला.