‘आमची ही’पासून पुढे

टिल्ली हे नाव तिला लहानपणी चिकटलं, ते उंची बाबांच्या वर गेली तरी सुटलं नाही. वेबसाइट बनवणं हा तिचा धंदा आणि घड्याळं दुरुस्त करणं हा बाबांचा. साहजिकच दुकानाची वेबसाइट तिनेच बनवून दिली होती. बाबा त्या वेबसाइटवर हौसेने लेख लिहायचे. लंबकाचं घड्याळ मागे का पडतं, किल्ली कुठवर द्यावी, कुठलं तेल चुकूनही घालू नये.

पण लेख संपत आला की त्यांची गाडी हमखास रुळावरून घसरायची आणि ‘आमची ही’ असा नवा परिच्छेद सुरू व्हायचा. वारलेल्या बायकोचं नाव बाबांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं. आमची ही ठोके मोजून अंडी उकडायची. भांडण झालं की दुकानातली सगळी घड्याळं पुढे करून ठेवायची. आमची ही घोरायची कशी! ते घोरणं टिल्लीच्या ऑफिसात एकाने मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे खो-खो हसले आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तिने पळवाट काढली. वेबसाइटची यंत्रणा लेख वाचकाला दाखवण्याआधी ठरलेल्या जागी थांबून विचारते, यात काही बदल करायचा आहे का? त्या जागेला फिल्टर हुक म्हणतात. तिथे आपला छोटासा कोड अडकवायचा, चहाच्या गाळणीसारखा. साठवलेला मूळ लेख जसाच्या तसा राहतो, वाचकाला गाळलेला दिसतो. टिल्लीचा नियम सोपा होता. ‘आमची ही’पासून पुढचं सगळं गाळायचं. फक्त बाबा स्वतः लॉग-इन असले तर काहीच गाळायचं नाही. मूळ लेखाला आपण कुठे हात लावलाय, अशी तिने मनाची समजूत घातली.

एका सुट्टीच्या दिवशी ती दुकानात गेली, तेव्हा बाबा डोळ्याला भिंग लावून बसले होते.

“लेखांखाली लोक छान छान लिहितात गं,” ते म्हणाले. “तेलाचं विचारतात, स्प्रिंगचं विचारतात. तुझ्या आईबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.”

टिल्ली घाईने म्हणाली, “लोकांना वेळ कुठे असतो, बाबा.”

“तसं नाही. कंटाळत असणार बिचारे, पण म्हातारा दुखावेल म्हणून गप्प बसतात. मला कळतं. म्हणून काल बसून सगळ्या लेखांतून तिला काढून टाकलं. उगाच कुणाच्या गळ्यात कशाला मारा?”

टिल्लीने लगबगीने कॉम्प्युटर उघडला आणि आपला कोड पुसला. लेख होता तसाच दिसला, तेलापाशी संपलेला. जुन्या आवृत्त्या साठवायची सोय असते, पण तीही तिनेच बंद केली होती. जागा वाचते म्हणून.

“बाबा, ते कुणी वाचलंच नव्हतं,” ती म्हणाली. “मीच लपवलं होतं. मला लाज वाटत होती आईची.”

बाबांनी भिंग काढलं. त्यांनी कानाखाली वाजवली असती तर तिला बरं वाटलं असतं.

“म्हणजे वाचून गप्प बसले, असं नाही?”

“नाही.”

“हुश्श!” त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. “मला वाटलं, आमची ही कुणाला आवडलीच नाही. जाऊ दे, झालं ते झालं. मला काही ते तसंच्या तसं आठवायचं नाही. पण तू तर सगळं वाचलं होतंस ना? ये, बस इथे. तू सांग, मी लिहितो.”

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, ‘आमची ही’ एवढं टाइप केलं आणि तिच्याकडे बघत राहिले.

टिल्लीला मान वर करता येईना. घोरण्याच्या पुढे तिने काहीच वाचलं नव्हतं.